दाताचे दुखणे आणि हृदयाची झडप

(संस्थेच्या आरोग्य मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दंतवैद्य म्हणून मला बोलावले, तेव्हा दात कसे घासावेत एवढेच मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तेही मी सांगणारच आहे. पण आज मला मुख्यतः बोलायचे आहे ते हृदयाबद्दल. दातांच्या डॉक्टरबाईंनी हृदयाच्या गावाला कशाला जायचे, असे कुणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. आपल्या मनात दाताचे दुखणे दातापाशी आणि छातीचे दुखणे छातीपाशी, असा हिशेब पक्का बसलेला आहे.

आपल्याकडे दातांची आठवण दुखल्यावरच होते. दाढ ठणकू लागली की लवंग धरायची, तंबाखूची चिमूट दाबायची, मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या. ठणका थांबला की विषय संपला. दाढेच्या मुळाशी साचलेला पू मात्र संपलेला नसतो. तोंडात सातशेच्या आसपास जातींचे जंतू राहतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, जोपर्यंत ते आपल्या जागी आहेत तोपर्यंत. हिरडी सुजली, तिच्यातून रक्त येऊ लागले, की त्यांना रक्तात शिरायला वाट मिळते. तोंडापासून हृदयापर्यंत अंतर जेमतेम दीड वीत. रक्ताला तेवढे कापायला काही सेकंद पुरतात.

ज्याच्या सर्व हिरड्या बऱ्याच सुजलेल्या आहेत, अशा माणसाच्या दातांभोवतीची आतली जखमी जागा एकत्र केली तर ती साधारण काड्यापेटीच्या वरच्या बाजूएवढी भरते. पायावर तेवढी उघडी जखम असती तर आपण पट्टी बांधली असती, इंजेक्शन घेतले असते. तोंडातली जखम दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते.

आता हृदयाकडे येऊ. विहिरीवर मोटार असलेल्या शेतकऱ्याला झडप समजावून सांगावी लागत नाही. पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. हृदयात अशा चार झडपा आहेत. त्या जन्मभर, मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा उघडझाप करतात. निरोगी झडप गुळगुळीत असते आणि तिच्यावर जंतू सहसा टिकत नाही. खरवडलेली, जाड झालेली, नीट न मिटणारी झडप असेल तर मात्र त्याला बसायला जागा मिळते.

आपल्या मुलांच्या झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. हा विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना होतो. सुरुवात घशापासून. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजतो, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. शरीराने जंतूशी लढण्यासाठी जी शस्त्रे तयार केली, ती आपल्याच हृदयाच्या झडपांवर चालतात. सांधे पुढे बरे होतात. झडप मात्र अनेकदा कायमची बिघडते. एका खोलीत सात-आठ माणसे, घसा दुखला म्हणून कुणी दवाखान्यात नेत नाही, मजुरी बुडते म्हणून दुसऱ्या खेपेला जाणे होत नाही, अशा ठिकाणी हा रोग वाढतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला आहे. म्हणून मी याला वस्तीचा रोग म्हणते. हा काही नशिबाचा रोग नाही.

समजा, परतूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर चौदा वर्षांची मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे सांधे सुजले होते, हे घरातले विसरले. जिना चढताना धाप लागते, ते अशक्तपणावर गेले. तिची खालची दाढ किडली आहे. एक दिवस जत्रेतल्या किंवा बाजारातल्या कुणीतरी ती उपटून दिली. पुढे महिनाभर तिला बारीक ताप येत राहतो. कधी मलेरिया म्हणतात, कधी टायफॉईड. सलाईन लागते, गोळ्या मिळतात, ताप दबतो आणि पुन्हा येतो. वजन उतरते. दाढ उपटताना रक्तात गेलेले जंतू झडपेवर जाऊन बसले आहेत आणि तिथे त्यांनी घर केले आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. असे गाठोडे सुटून मेंदूत गेले तर मुलीला लकवा होतो.

वैद्यकात या रोगाला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. सर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये या रोगावर गाजलेली व्याख्याने दिली. त्या काळी हा रोग झाला की मृत्यू ठरलेला. पेनिसिलिन आल्यानंतर चित्र पालटले. तरीही आज चार ते सहा आठवडे शिरेतून औषधे द्यावी लागतात, काहींना झडप बदलण्याची शस्त्रक्रिया लागते, आणि एवढे करूनही पाच-सहा रुग्णांमागे एक दगावतो. हा रोग करणाऱ्या जंतूंतला एक प्रमुख गट मुख्यतः तोंडात राहणारा आहे. घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसचाच तो भाऊबंद, पण घर वेगळे. म्हणजे एका भावाने झडप खरवडायची आणि दुसऱ्याने तिच्यावर येऊन बसायचे.

यात पालकांनी करायचे काय? पहिली गोष्ट, झडपेचा आजार आहे हे कळले पाहिजे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या राज्यातल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने येऊन मुले तपासायची असतात. त्या तपासणीच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोगही आहे आणि दातांचे आजारही आहेत. ज्यांनी ती यादी केली त्यांनी दोन्ही एका कागदावर घेतले, याचे मला विशेष वाटते. पथक येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. उसतोडीला जाताना मुले बरोबर न्यावी लागतात आणि नेमकी ही तपासणी चुकते, हेही मला माहीत आहे. अशा कुटुंबांनी परत आल्यावर जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मूल दाखवावे. झडपेची शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तिचा समावेश आहे. जमीन विकायला निघू नका.

दुसरी गोष्ट, ज्या मुलाला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले आहे त्याचे इंजेक्शन चुकवू नका. "आता बरे आहे" म्हणून पुष्कळ जण ते मध्येच सोडतात. मूल बरे दिसते ते त्या इंजेक्शनमुळेच.

तिसरी गोष्ट थेट माझ्या खुर्चीतली. दात काढायला बसण्यापूर्वी आपल्याला झडपेचा आजार आहे, झडप बदललेली आहे, जन्मतः हृदयात दोष आहे, किंवा असा ताप पूर्वी येऊन गेला आहे, हे आपण होऊन सांगा. काही रुग्णांना दात काढण्याच्या साधारण तासभर आधी प्रतिजैविक द्यावे लागते. ते कुणाला द्यायचे याचे नियम १९५५ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशन प्रसिद्ध करीत आली आहे. २००७ साली तिने ते बरेच आकुंचित केले आणि फक्त सर्वांत धोक्याच्या रुग्णांपुरते ठेवले. आपल्याकडे ऱ्हुमॅटिक झडपेचे रुग्ण जास्त, म्हणून येथील डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. जो आधीच पेनिसिलिनच्या इंजेक्शनवर आहे त्याला बहुधा दुसरे औषध द्यावे लागते, कारण त्याच्या तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात. म्हणून जुने कागद बरोबर आणा. कागद नसतील तर निदान तोंडाने सांगा.

२००७ च्या त्या बदलामागचा विचार सर्वांनी लक्षात घेण्यासारखा आहे. दाढ वर्षातून फार तर एकदा काढली जाते. पण सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात जातात ते रोज. भाकरी चावताना, दात घासताना. तेव्हा एका दिवसाच्या गोळीपेक्षा रोजच्या स्वच्छतेने होणारे संरक्षण मोठे.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांविषयी एक सूचना. कृत्रिम झडप बसवलेले किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले लोक दात काढायचा म्हणून चार दिवस आधी स्वतःच गोळी बंद करून येतात. रक्त फार जाईल ही भीती. मित्रहो, दातातले रक्त कापसाने, टाक्याने थांबवता येते. बंद केलेल्या गोळीमुळे झडपेवर गाठ धरली तर ती मला थांबवता येत नाही. गोळी बंद करायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर मिळून ठरवतील.

येथपर्यंत मी जे सांगितले ते वैद्यकाने पक्के मानलेले आहे. आता पुढचा प्रश्न: हिरडीच्या रोगामुळे हार्ट अटॅक येतो का? वर्तमानपत्रांत तसे मथळे येतात. याबाबत मी जरा सांभाळून बोलणार आहे. १९८९ साली फिनलंडमधील मत्तिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की झटका आलेल्या शंभर रुग्णांची दातांची अवस्था इतरांपेक्षा वाईट होती. २०१० साली स्कॉटलंडमधील अकरा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, दिवसातून दोनदा दात घासणाऱ्यांच्या तुलनेत क्वचितच घासणाऱ्यांत हृदयरोगाचे प्रमाण सुमारे ७० टक्के जास्त आढळले. रक्तवाहिनीत साचणाऱ्या चरबीच्या थरात तोंडातल्या जंतूंच्या खुणाही सापडल्या आहेत. हिरडीची सूज रक्तभर पसरते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. परंतु जो माणूस दात घासत नाही तो बहुधा तंबाखूही खातो, त्याला साखरेचा आजारही असतो, तो गरीबही असतो. मग झटका नेमका कशाने आला? २०१२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळे संशोधन तपासून असा निर्वाळा दिला की दोहोंचा संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही. आणि हिरड्यांचे उपचार केल्याने झटका टळतो असा पुरावाही नाही. तेव्हा "दात साफ करा, अटॅक टळेल" अशी हमी कुणी देत असेल तर ती घेऊ नका, मग ती दंतवैद्याने दिलेली का असेना.

मात्र साखरेच्या आजाराचे तसे नाही. तिथे दोन्ही बाजूंनी पीडा आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येणे अवघड होते. आणि वाढलेली साखर हृदयाला घातक आहे, याविषयी कुणाचे दुमत नाही.

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते, आणि तो माझ्या मायबहिणींसाठी आहे. आपल्या घरात तोंड आणि हृदय यांना जोडणारा सर्वांत मोठा दुवा जंतू नाही, तंबाखू आहे. आणि ती तंबाखू आपण दात घासण्याच्या नावाखाली लावतो. मिसरी. कुणी मशेरी म्हणतात. तंबाखूचा पाला तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा. सकाळी उठल्याबरोबर बोटावर घेऊन दातांवर फिरवायची आणि पंधरा-वीस मिनिटे तशीच ठेवून चूल पेटवायची. मग दुपारी एकदा, रात्री एकदा. पुरुषाच्या तंबाखूला व्यसन म्हणतात. बाईच्या मिसरीला दात घासणे म्हणतात. त्यामुळे ती कुणाच्या हिशेबात येत नाही. डॉक्टरने विचारले, "तंबाखू खाता का?" तर बाई खरेपणाने "नाही" म्हणते.

भाजल्याने तंबाखूचे विष जात नाही. त्यातले निकोटीन हिरडीच्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जाते, नाडी वाढते, रक्तदाब वाढतो. मिसरी लावली की तरतरी येते, पोट साफ होते, डोके उतरते असे बाया सांगतात. ते खोटे नाही. पण ते डोके चढलेले असते तेही मिसरी मिळाली नाही म्हणूनच. हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या निकोटीनने आकसतात, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी दिसू शकते आणि "माझे दात मिसरीने घट्ट आहेत" असा समज होतो. आतून हिरडी सरकत जाते, मुळे उघडी पडतात.

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासातील तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत, धूर न ओढताही, हार्ट अटॅकचा धोका सव्वादोन पट आढळला. मुंबईतल्या १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिसरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याची तंबाखू तोंडात आहे.

कायद्याने काय केले? १९९२ साली केंद्र सरकारने तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि टूथपावडरीवर बंदी घातली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते हे बसस्टँडवरच्या भिंती सांगतात. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीवर कोणता इन्स्पेक्टर येणार? ती आपली आपणच सोडायची. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होईल, डोके दुखेल, पोट धरेल. सकाळी कोमट पाणी प्या, हाताला काम ठेवा, डबी घरात ठेवू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. घरच्या पुरुषांनीही एवढे करावे की बाजारातून पाला आणून देऊ नये.

मग दात कशाने घासायचे? हा प्रश्न फार जुना आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात दंतकट्ठ, म्हणजे दातवणाच्या काडीचा प्रसंग आहे. भिक्षू दातवण करीत नव्हते, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा भगवंतांनी काडी वापरण्याची अनुज्ञा दिली आणि तिचे पाच फायदे सांगितले: डोळ्यांना हितकर, मुखदुर्गंधी नाही, चवीच्या वाटा स्वच्छ, पित्त-कफाचे अन्नावर आवरण नाही, आणि अन्नाची गोडी. पुढे काही भिक्षू लांबलचक काड्यांनी श्रामणेरांना मारू लागले म्हणून काडी आठ बोटांपेक्षा मोठी नको असा नियम झाला. एकाने आखूड काडी गिळली, म्हणून चार बोटांपेक्षा लहानही नको. वसतिगृहातल्या मुलांनी यातला कोणता भाग लक्षात ठेवावा हे मी सांगायला नको! सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूनेही येथील भिक्षू रोज सकाळी दातवण करून चूळ भरतात, जीभ साफ करतात, असे लिहून ठेवले आहे. डोळ्यांचा फायदा आजचे विज्ञान मान्य करणार नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे तर आपल्याला तिथूनच शिकवलेले आहे. आणि तरीही वरची दाढ काढली की डोळे जातात, या समजाने आजही माझ्याकडे येणारे रुग्ण सहा-सहा महिने पू गिळत बसतात. दाताचा आणि नजरेचा असा काही संबंध नाही.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वाईट नाही, पण ती चावून मऊ कुंचला करून हिरडीला न खरचटता फिरवायला हवी, आणि मागच्या दाढांपर्यंत ती पोचत नाही. मऊ ब्रश आणि फ्लोराईड असलेली साधी पेस्ट, वाटाण्याएवढी, हे सर्वांत बरे. महागडी पेस्ट लागत नाही. कोळसा, विटेची भुकटी, खरबरीत राखुंडी यांनी दात झिजतात. सकाळी एकदा आणि रात्री जेवणानंतर झोपण्यापूर्वी एकदा. दोनांत एक करायचे असेल तर रात्रीचे चुकवू नका. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या जिल्ह्यात मी बोलते आहे, म्हणून सांगते, एका वेळेला एक पेला पाणी पुरते. घासताना रक्त आले तर घासणे बंद करू नका. ते किटण साचल्याचे लक्षण आहे, ते काढून घ्या. दातांची सफाई केली की दात हलतात, हाही गैरसमज. किटणाने धरून ठेवलेला दात आधीच हललेला असतो. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे. अवघड काम असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

शेवटची एक गोष्ट, आणि ही विशेषतः चाळिशीपुढच्यांनी ऐकावी. कधी कधी हृदयाचे दुखणे दातात येते. खालच्या जबड्यात, बहुधा डाव्या बाजूला, कळ येते. चालताना, ओझे उचलताना वाढते, बसल्यावर थांबते. घाम येतो, दम लागतो. तोंडात पाहावे तर किडलेला दात नाही. अशा माणसाने दंतवैद्याच्या बाकावर नंबर लावून बसू नये. त्याने त्याच पावली ईसीजी काढून घ्यावा. दाताचे दुखणे गरम-थंडाने, चावल्याने वाढते; हृदयाचे श्रमाने वाढते. एवढा फरक ओळखला तरी पुष्कळ झाले.

माझे बोलणे येथे थांबवते. मागच्या खोलीत तपासणीची सोय केली आहे. झडपेचा आजार असलेल्या मुलांना आधी पाठवा आणि त्यांचे इकोचे कागद बरोबर द्या. मिसरी लावणाऱ्या बायांनी लाजू नये, तोंड धुऊन येण्याचीही गरज नाही. जसे आहे तसे दाखवा. ज्यांची डबी पदराला आहे त्यांनी ती आणली तरी चालेल, टेबलावर एक टोपली ठेवली आहे.

जय भीम.